समुद्र किती लांब दाखवायचा

भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी सकाळची रो-रो बोट सुटली तेव्हा माझी गाडी खालच्या मजल्यावर दोन टेम्पोंच्या मध्ये चेपून उभी होती आणि मी वरच्या डेकवर गळ्यात उसनी लेन्स घेऊन. ज्या दुकानातून मी वीस वर्षं सामान घेते, त्या दुकानदाराने ती माझ्या हातात ठेवून सांगितलं होतं, "तीन दिवस वापरा. शनिवारी सांगा, ठेवायची की परत करायची." हॉटेलं, बंगले, रिसॉर्ट यांच्या खोल्यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. जुन्या वाइड लेन्सला दमटपणाने बुरशी धरली होती आणि पुढच्या महिन्यात दोन मोठी कामं होती. तेव्हा ही निवड चुकून चालणार नव्हती.

लेन्स होती चौदा ते चोवीसची, अल्ट्रा-वाइड झूम. या आकड्यांत वाचकांना अडकवत नाही. एवढंच सांगते की खोलीच्या कोपऱ्याला पाठ टेकून उभं राहिलं, तर अख्खी खोली एका फोटोत मावते. बाकीच्या सगळ्या लेन्स मी मुद्दाम घरी ठेवल्या होत्या. ओळखीची लेन्स बॅगेत असली की हात आपोआप तिकडे जातो आणि नव्या पाहुणीची परीक्षा राहून जाते.

डेकवर पेणचा एक ट्रकवाला माझ्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, ह्याची काच बेडकाच्या डोल्यावानी हाय. पुढं झाकन न्हाय बसत?"

"नाही बसत. फुगीर आहे ना."

"मंग जपा. आमचं मिठागर हाय (समुद्राचं पाणी अडवून मीठ पिकवायची खाचरं). खारं पानी लोखंडाला सोडत न्हाय, काच तं काय."

मी तज्ज्ञ माणसासारखी हसले. पाचच मिनिटांत बोटीच्या नाकावरून एक फवारा उडाला आणि बेडकाचा डोळा न्हाऊन निघाला. पुसता पुसता काचेवर मिठाचे फराटे उठले आणि सूर्यासमोर काढलेले सगळे फोटो वाया गेले. ट्रकवाल्याने तोंड फिरवून समुद्राकडे बघितलं, हे त्याचे उपकार.

मांडव्याला उतरून अलिबागमार्गे नागावला पोचायला साडेदहा झाले. नागावात मी दर वर्षी राऊतबाईंकडे उतरते. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. नवरा गेल्यावर त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. घराभोवती वाडी (नारळी-पोफळीची बाग), मधोमध विहीर, आणि वाडीच्या शेवटाला समुद्र. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते. त्या मला मंजिरी म्हणतात, आणि चुकलं की "अगं ए".

चहा होताच मी पाहुण्यांच्या खोलीत कोपरा धरला आणि फोटो काढला. कडेच्या भिंती ताठ आल्या, कोपऱ्यापर्यंत चादरीचा धागान् धागा दिसत होता. मी खूश. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाईंना दाखवला.

"ही आमची खोली?" त्या चष्मा वर करून म्हणाल्या. "यात पन्नास माणसांची पंगत बसेल. हा फोटो लावू नकोस हो. पाहुणे येऊन विचारतील, उरलेली खोली कुठे ठेवलीत?"

"बाई, सगळे असेच फोटो लावतात."

"सगळ्यांचं उत्तर सारखं आलं म्हणजे ते बरोबर असतं असं नाही. निम्मा वर्ग एकमेकांचं बघून लिहितो."

मी मनात म्हटलं, बाईंना धंदा कळत नाही.

मग बाईंनी टेबलावरची एक फाईल उघडली. गेल्या काही वर्षांत समुद्र त्यांची वाडी खात चालला आहे, हे मला माहीत होतं. दगडी बंधारा उत्तरेकडून येऊन शेजाऱ्याच्या हद्दीवर थांबला आहे. तो पुढे वाढवावा म्हणून बाईंनी अर्ज तयार केला होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अलिबागच्या कचेरीत फायली बघायच्या होत्या आणि शुक्रवारी सकाळी यादी वर जायची होती. या यादीत नाव नसलं तर पुढची यादी कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. "आणखी दोन पावसाळे घर टिकायचं नाही," बाई साध्या सुरात म्हणाल्या. अर्जाला दोन फोटो जोडलेले होते, काशीनाथने मोबाईलवर काढलेले. काशीनाथ म्हणजे वाडीचा जुना गडी, साठीला आलेला, पण अजून माडावर सरसर चढणारा. फोटोत समुद्र तिरका, आणि एकात त्याचा अंगठा.

मला हसू आलं. "बाई, हे काढून टाका. मी काढते ना. एवढी लेन्स आणली आहे."

बाईंनी टाचणी काढून ते दोन्ही फोटो ड्रॉवरमध्ये टाकले.

अमावास्या जवळ होती, त्यामुळे भरती मोठी. दुपारी साडेबाराला पाणी पार वाडीत आलं होतं. एक माड मुळांसकट उन्मळून पुळणीवर (किनाऱ्याची मऊ वाळू) आडवा पडला होता. मी त्याच्या मुळांपाशी गुडघे टेकून, जवळजवळ नाक लावून, चौदावर, म्हणजे लेन्सच्या सर्वांत रुंद टोकाला, फोटो काढला. मुळं आभाळाला हात पसरल्यासारखी पुढे आली, वर ढगांचे पट्टे, मागे पाण्याची रेघ. वीस वर्षांत असे चार-दोनच फोटो मिळतात. काशीनाथने पडद्यात डोकावून बघितलं, "झ्याक हाय," म्हणाला आणि पुन्हा एकदा समुद्राकडे बघितलं. त्याला तेव्हाच काहीतरी खटकलं असणार.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेली मांदेली होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि बाईंना लेन्सचं कौतुक ऐकवत बसले.

गुरुवारी सकाळी अलिबागला एका स्टुडिओत मोठी प्रिंट काढून घेतली आणि अकराला आम्ही कचेरीत होतो. समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या, फायलींच्या दोन ढिगांमध्ये. त्यांनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली.

"फोटो फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आजी, समुद्र तर बराच लांब आहे तुमच्यापासून."

राऊतबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. गणित येणाऱ्या मुलाने फळ्यावर चुकीचं लिहिल्यावर शिक्षक बघतात, तसं बघितलं.

मी सांगायला लागले, की या लेन्समध्ये जवळची वस्तू खूप मोठी दिसते आणि मागची मागे पळते. प्रत्यक्षात पाणी त्या मुळांपासून चार पावलांवर होतं.

"म्हणजे हा फोटो खोटा आहे?"

"खोटा नाही..." मी म्हटलं. खोलीची पंगत करणारी हीच लेन्स समुद्राचंही तेच करणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मला ते रोजच्या धंद्यात इतकं सवयीचं झालं होतं की दिसलंच नाही.

"घरी मोबाईलवरचे दोन फोटो आहेत," मी घाईने म्हटलं. "त्यात पाणी जवळ दिसतं."

"एकाच जागेचे दोन फोटो. एकात समुद्र जवळ, एकात लांब. मी कुठल्यावर सही करू?" त्या चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "मला अंतर कळेल असा फोटो हवा. मी चार वाजेपर्यंत आहे."

गाडीत बसल्यावर मी बाईंची माफी मागितली. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सुंदर काढायला गेलीस. ते पाप नाही. पण मी तुला सुंदर काढ असं कधी सांगितलं होतं?"

नागावला पोचलो तेव्हा भरती पूर्ण व्हायला अजून तासभर होता. हातात तीच एक लेन्स. चोवीसवर नेली तरी समुद्र मागेच सरकत होता. बॅगेत एखादी साधी लेन्स असती तर, असं मनात येत होतं, पण घरी ठेवून येण्याचा शहाणपणाही माझाच. मी वाडीत येरझारा घालत होते आणि काशीनाथ विहिरीच्या काठावर बसून बघत होता.

"ताई, साहेबीनबाईला काय हवं हाय?"

"घरापासून पाणी किती लांब, ते."

"मंग माड मोजा की." तो उठला आणि पडवीतून काथ्याची एक जुनी दोरी घेऊन आला. "ह्या दोरीनं माड लावलेत. मोठ्या राऊतांच्या, बाईंच्या सासऱ्यांच्या टायमाला. अठरा हात. घरापास्नं पयला माड अठरा हातांवर, तिथनं दुसरा अठरा हातांवर. एका वळीत सा व्हते. तीन उभं हायेत, चौथा आडवा, पाचवा न् सावा दर्यानं न्हेला."

कोकणात माड असेच लावतात, दोरीने, ओळीत, सारख्या अंतरावर, म्हणजे झावळ्या एकमेकींत अडकत नाहीत. मी दर वर्षी त्या ओळीखालून समुद्रावर जात होते आणि मला ती कधी मोजावीशी वाटली नव्हती.

त्याबरोबर मला माझी चूक कळली आणि तिचा उपायही. मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले होते, म्हणून अंतर ताणलं गेलं. ओळीच्या बाजूला उभं राहून कॅमेरा तिला समांतर धरला तर ही लेन्स सारखी अंतरं सारखीच दाखवते, कारण तिच्यात रेषा वाकत नाहीत. अडचण एकच. बाजूला शेजाऱ्याची चिऱ्यांची भिंत होती, ओळीपासून वीस-बावीस पावलांवर. साध्या लेन्सने तेवढ्या जागेतून जेमतेम दोन माड आले असते. चौदावर घरापासून सहाव्या माडाच्या जागेपर्यंत सगळं मावत होतं.

काशीनाथने चौथ्या, आडव्या माडाच्या खड्ड्यापासून दोरी धरली. पाचव्याच्या जागी गुडघाभर पाण्यात बांबू रोवला. सहाव्याच्या जागी तो स्वतःच जाऊन उभा राहिला, कमरेएवढ्या पाण्यात, लाटेबरोबर हलत. बाई पायरीवरून ओरडल्या, "काश्या, पाय घट्ट ठेव रे." मी भिंतीला पाठ लावली, कॅमेरा समपातळीत आहे हे दोनदा तपासलं आणि चार फोटो काढले.

त्या फोटोत काही नव्हतं. वर पांढरं रिकामं आभाळ, खाली रिकामी वाळू, मधे एक घर, तीन माड, एक खड्डा, एक बांबू आणि अगदी कडेला असल्यामुळे दुप्पट जाडा झालेला काशीनाथ. त्याने तो बघितला आणि म्हणाला, "मी येवढा कवा खाल्ला?"

तीनला आम्ही परत कचेरीत. राऊतबाईंनी पर्समधून फूटपट्टी काढली, आणि प्रिंटवर ठेवून घर ते पहिला माड, पहिला ते दुसरा, असं एकेक अंतर दाखवलं. सगळी सारखी आली. अधिकारी बाईंनी पट्टी मागून घेऊन स्वतः पुन्हा ठेवली.

"अठरा हात का?" त्यांनी विचारलं.

"अठरा," राऊतबाई म्हणाल्या.

"मी तळा गावची. आमच्या आजोबांचीही दोरी अठरा हातांचीच." त्यांनी बोट माडांवरून फिरवलं. "म्हणजे दर्या आता घरापासून चार माडांवर आहे." मग प्रिंट फाईलला टाचली. "यादीत नाव घालते. बंधारा कधी होईल ते मात्र मी सांगू शकत नाही."

बाईंनी मान हलवली. बाहेर येऊन त्या कचेरीच्या पायरीवर जरा वेळ बसल्या. मी शहाळं आणलं, ते अर्धं पिऊन त्यांनी उरलेलं मला दिलं.

शुक्रवारी निघताना मी बाईंना सांगितलं की तो पहिला, मुळांचा फोटो मी पुसून टाकते आहे. मला त्याची लाज वाटत होती.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "मला मोठा करून पाठव. पुढच्या खोलीत लावीन."

"बाई, तो चुकीचा आहे."

"कचेरीत चुकीचा होता." त्यांनी माझ्या गाडीच्या दारावर हात ठेवला. "मंजिरी, मी लग्न होऊन आले तेव्हा पडवीतून समुद्र त्या फोटोतल्याएवढाच लांब दिसायचा. मधे सहाच्या सहा माड. तसा बघून फार वर्षं झाली."

मांडव्याहून परतीच्या बोटीत मी लेन्स बॅगेतून काढलीच नाही. शनिवारी दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी ती ठेवते म्हणून सांगितलं. फोटोच्या कोपऱ्यांत कशी आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यांत स्वच्छ आहे, रेषा सरळ ठेवते, उन्हासमोर जरा धुरकटते, आणि खाऱ्या पाण्यापासून जपावी लागते. हे सगळं खरं होतं. कुठे उभं राहायचं, हे ती सांगत नाही, आणि ते मला येतं असं मी वीस वर्षं धरून चालले होते.

प्रिंट मी पाठवली. आठवड्याने बाईंचा फोन आला. फोटो पूर्वेच्या भिंतीवर लावला होता, म्हणजे बघताना समुद्राकडे पाठ होते. काशीनाथ येऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला म्हणे, "ह्यो दर्या बरा हाय. ह्याला हितंच ऱ्हाऊ द्या."

मी हसले. पलीकडून बाई हसल्या नाहीत. त्यांच्या मागे खिडकीतून भरतीचा आवाज येत होता.