समोरच्या सरांची बाटली

हसायचं तर शेवटी हसा, मधे नको, नाहीतर मी सांगताना अडखळते. माझ्या नाकापायी एका भल्या पोराची सोयरीक मोडली होती, त्याची ही गोष्ट.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरला आमच्या घरासमोर अनिकेत सर भाड्यानं राहतात. कॉलेजात शिकवतात, एकटेच. दिवसा घरी नसतात, म्हणून त्यांची पार्सलं मी घ्यायची. आता घेतलं म्हटल्यावर चाचपून बघणं आलंच ना? चपटं, चौकोनी, आत पुठ्ठा. एकदा एकाचा कोपरा फाटला. (आपोआप फाटला, असं मी तेव्हा सांगितलं होतं.) आत निघाली रेकॉर्ड. कव्हरवर पिस्तूल रोखलेला माणूस, आणि मागे सिगारेट ओढणारी पोरगी.

"हे काय जी सर?"

"जुन्या विलायती सिनेमांचं संगीत हाये, काकू. खुनाचे सिनेमे, जवान पोरापोरींचे सिनेमे. जॅझ म्हनतात त्याले. या रेकॉर्डी भेटतच नव्हत्या, आता पुन्हा नव्यानं काढून राह्यले."

"सिनेमे पायले तुमी?"

"नाई. सिनेमे कुठं भेटतेत? नुसतं संगीत जमवतो."

जेवल्याशिवाय कोणी ढेकर देतं का? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

पुढच्या महिन्यात तेच पिस्तूल पुन्हा आलं.

"हे तर हाये ना तुमच्यापाशी?"

"यात दोन तुकडे जास्तीचे हायेत, काकू. तवा सिनेमातून कापले होते."

दोन तुकड्यांसाठी अख्खी रेकॉर्ड पुन्हा? नक्की काहीतरी वेगळंच होतं. आणि दर रविवारी भर दुपारी, वर्ध्याच्या उन्हात, दार बंद, खिडक्या बंद, आणि आतून म्हैस अडल्यासारखा भोंगा.

एका रविवारी मी वाटीभर पाटोडीचा रस्सा घेऊन गेले. रस्सा निमित्ताला. दार उघडलं तसा वास आला. टेबलावर बाटली, आत पाण्यासारखं पांढरं, वर चिठ्ठी नाही. बाजूला फडकं. सरांनी बाटली पटकन सरकवली. "हात नका लावू काकू, सांडन."

तुम्ही आमच्या जिल्ह्यातले असाल तर पुढचं सांगायला नको. इथे दारूबंदी. दुसरीकडे बाटली दिसली तर माणूस आधी पाणी समजतो; आमच्याकडे पाण्याची बाटली दिसली तरी आधी वास घेतो. पिस्तूल, सिगारेट, बंद दार, बाटली. अजून काय पाहिजे होतं?

आठ दिवसांनी कारंज्याहून टोपीवाले एक गृहस्थ आले. पुतणी सरांना द्यायची म्हणत होते. पोरगी देण्याआधी शेजाऱ्याला विचारायचं, ही आपली रीतच. मी चहा ठेवला.

"पोरगा कसा हाये?"

"सभावानं लय चांगला हाये, पन..."

त्या 'पन'पाशीच मी थांबायला हवं होतं.

"पन काय?"

"घरात बाटली हाये, भाऊ. दारूचा वास मले पक्का ओळखू येते. माझं नाक आजवर फसलं नाई."

अर्धा चहा ठेवून ते उठले.

चार दिवसांनी सर आले. तोंड उतरलेलं. मी पोळ्या करत होते.

"कारंज्याहून नकार आला, काकू. म्हनते, पोरगा पिते. आजवर पायलेल्या पोरींमधे तीच एक होती, जी रेकॉर्ड वाजवून दाखवा म्हने. बाकीच्या हासल्या. कोनं सांगतलं असन?"

तव्यावर पोळी करपली. "मंग त्या बाटलीत काय हाये?" विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"ते व्हय? रेकॉर्ड पुसाचं स्पिरिट अन् पानी. धूळ बसली का सुई खरखरते. म्हनून तं खिडक्या लावतो."

तेव्हाच कबूल करायचं होतं मला. तोंड उघडलंही होतं. तर सरच म्हणाले, "तुमी चाला माझ्यासंगं कारंज्याले. तुमच्याइतकं माझ्यावर ध्यान कोनाचंच नाई. तुमचं ते ऐकतीन."

दोन एसट्या बदलून गेलो. सरांच्या पिशवीत बाटली, फडकं आणि एक रेकॉर्ड. मी सगळी वाट खिडकीबाहेर तोंड करून बसले.

दार टोपीवाल्यांनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "याच बाईनं तं सांगतलं होतं."

सरांनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मग मी सगळं ओकले, फाडलेल्या कोपऱ्यासकट. "चूक माही हाये, भाऊ. हा पोरगा सुपारीचं खांडही खात नाई. शिक्षा मले द्या, याले नका देऊ."

सरांनी तिथेच रेकॉर्ड पुसून दाखवली. बाटली घरभर फिरली. पोरीनं वास घेतला आणि म्हणाली, "हा तं दवाखान्याचा वास हाये." सरांकडे बघून ती हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

टोपीवाल्यांनी शेवटी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग माझ्याकडे वळले.

"बाई, दारूबंदीच्या जिल्ह्यात तुमाले दारूचा वास इतका पक्का कसा काय ओळखू येते?"

आमच्या ह्यांचं नाव घेतलं असतं तर परत घरी जायची सोय राहिली नसती. मी सरांच्या फडक्याची घडी घालायला घेतली.

सोयरीक जुळली. सर माझ्यावर रागावले नाहीत. पार्सलं तेवढी आता कॉलेजच्या पत्त्यावर येतात. साक्षगंधाला मला मानानं बोलावलं. नवी साडी नेसून गेले, तर मांडवातल्या बाया मला बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. टोपीवाले पाहुण्यांना सांगत फिरत होते,

"पोरगा एकदम निर्व्यसनी हाये. शेजारीन तेवढी पिते."