ओंजळभर रेती

बोईसरच्या आमच्या तालमीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक पोतं मिळायचं. वस्ताद त्यात स्वतःच्या हातानं किनाऱ्यावरची रेती घालायचे, तोंड सुतळीनं बांधायचे आणि म्हणायचे, "उचल." ते खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून झालं की वस्ताद पोतं सोडायचे आणि त्यात एक ओंजळ रेती वाढवायचे. नवशिक्याचं सगळं शिक्षण एवढंच.

पोत्याचं काम संपलं की वस्ताद उजव्या हातानं नारळ द्यायचे. मग कोपऱ्यातल्या काळ्या गोट्याला हात लावायचा. तो दगडी गोटा जमिनीवरून खांद्यावर घेता आला की माणूस तालमीचा झाला. नारळ उजव्याच हाताचा लागे, डाव्याचा कोणी धरत नसे. पण तो केव्हा मिळतो, हे कोणी सांगायचं नाही.

मी तेव्हा पालघरला गवताच्या वखारीत कामाला होतो. अंगानं पाप्याचं पितर. संध्याकाळी सायकल मारत उमरोळीवरून तालमीत यायचो. पहिले काही महिने काय सांगू! दर शनिवारी ओंजळ पडायची आणि दर सोमवारी ते पोतं मी फुलासारखं उचलायचो. आईनं सदऱ्याच्या बाह्या उसवून सैल केल्या. असंच चाललं तर एक दिवस बोईसर स्टेशन उचलीन, असं मला वाटायला लागलं होतं.

आणि मग अडलो. पोतं कमरेपर्यंत यायचं आणि तिथंच मला नमस्कार करायचं. वस्तादांनी थोडी रेती काढली, मी पुन्हा चढत गेलो, पुन्हा त्याच जागी अडलो. परत काढली, परत अडलो. पावसाळ्यात खारी रेती ओल धरते, म्हणून मी रेतीला शिव्या घातल्या. पाऊस संपला, रेती वाळली, मी होतो तिथंच. अंडी खाल्ली, दूध प्यालो, सुके बोंबील चावले, जास्त झोपलो. काही उपयोग झाला नाही.

माझ्यामागून आलेल्यांना नारळ मिळत गेले. त्यातला एक तारापूरकडचा कोळी. त्यानं एका शनिवारी वस्ताद ओंजळ घेऊन आले तेव्हा पोत्याच्या तोंडावर सरळ पंजा ठेवला. म्हणाला, "बस वस्ताद, आता नाय." आम्हाला वाटलं, आता याला हाकलणार. वस्ताद मात्र खो खो हसले, आणि पुढच्याच शनिवारी त्याच्या हातात नारळ! आम्ही आपसात म्हणालो, हा पापलेट आणून देतो ना, त्याचा प्रताप.

मला ते जमण्यासारखं नव्हतं. वस्तादांच्या ओंजळीला नाही म्हणायचं म्हणजे काय! मी एवढंच विचारायचो, "वस्ताद, माझा नारळ कवा?" ते चिडायचे. "मला काय इचारतो? उचलतो कोन, तू का मी?" मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही. फार वाईट वाटायचं.

त्याच सुमारास तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू झालं आणि तालमीतले बरेचजण तिकडे कामाला लागले. तालीम ओस पडायला लागली. आणि एका सकाळी वस्तादांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. गोट्याला खेळवणारा तो हात खाटेवर पडून होता. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात माझा नारळही होता, हे कबूल करायला हवं. हा हात उठला नाही तर मला नारळ कोण देणार?

डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहा. मला एकच विद्या येत होती. काकींनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोनं, जुन्या लुगड्याची छोटी पिशवी शिवली. मी तिच्यात चिमूटभर रेती घालून ती त्यांच्या मनगटाला बांधली. "उचला, वस्ताद." हात जरा हलला. दर शनिवारी मी चिमूट वाढवत गेलो. हात खाटेवरून वीतभर वर यायला लागला. काकी देवाला साखर ठेवायच्या, मी मनातल्या मनात नारळ सोलायचो.

मग तोही अडला. मी रेती काढली, पुन्हा वाढवली, हात त्याच जागी थरथरून खाली पडायचा. वस्तादांच्या कपाळावर घाम यायचा. मी म्हणायचो, "आनखी एकदा. होईल. पुढच्या शनिवारी होईल." मला दुसरं काय येत होतं?

एका शनिवारी मी चिमूट घेऊन वाकलो, तर वस्तादांनी डावा पंजा पिशवीच्या तोंडावर ठेवला. मी तो हळूच बाजूला केला. त्यांनी परत ठेवला आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. चिडलेले नव्हते. वाट पाहत होते.

तेव्हा मला तो कोळी आठवला. इतके दिवस मी त्यांच्या तोंडून जे 'बस' ऐकायला थांबलो होतो, तेच ते माझ्या तोंडून ऐकायला थांबले होते. मी चिमूट जमिनीवर टाकली आणि त्यांच्या पंज्यावर माझा पंजा ठेवला.

"बस वस्ताद," मी म्हणालो. "माजं पन बस."

त्यांचा चेहरा वाकडाच हसला. त्यांनी मान भिंतीतल्या मारुतीच्या देवळीकडे वळवली. काकींना कळलं. त्यांनी मारुतीपुढचा नारळ आणून त्यांच्या डाव्या हातात दिला. वस्तादांनी तो तिथून आपल्या उजव्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटेनात. नारळ घरंगळला आणि खाटेखाली गेला. मी काढून दिला. पुन्हा घरंगळला. काकींनी पदर तोंडाला लावला.

"डाव्यानं द्या," मी म्हणालो. त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

शेवटी मी त्यांच्या तळव्याखाली माझे दोन्ही हात धरले, नारळ वर ठेवला आणि सगळं मिळून उचललं. नारळापेक्षा त्यांचा हातच जड लागला.