तीन खोटे खाडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बाबांजवळ तर नाहीच. दुसऱ्यांच्या अन्यायावर पानंच्या पानं लिहिली — पण हे एक पान? ते मीच फाडलं होतं.

बाबा तारापूरच्या कारखान्यात, युनियनचे. लहानपणी जेवणाआधी आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. चिडून कसं लिहायचं हे मला बाराखडीबरोबरच आलं. म्हणून बोईसरच्या घरशाळा गटाने मला त्यांचं लिखाण सांभाळायला बोलावलं. शाळा सोडून मुलांना घरी शिकवणारी बारा-तेरा कुटुंबं. आठवड्यातून तीन सकाळी सगळी मुलं एका भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. नियम एकच कडक: प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाने ठरलेल्या सकाळी सगळ्यांच्या मुलांना शिकवायचं. तीन खाडे झाले की कुटुंब बाहेर. हजेरीची वही माझ्याकडे. पत्रकही माझंच — ‘प्रत्येक मूल, त्याच्या स्वतःच्या भाषेत.’

ते पत्रक मी पालघरच्या मासळी बाजारात रेखाताईंच्या हातात दिलं. त्या पालघरजवळच्या माहीमच्या, मासळी विकायच्या. त्यांची सायली नऊ वर्षांची, बोलताना अडखळायची. शाळेत मुलं नक्कल करायची, म्हणून तिने बोलणंच टाकलं होतं.

“सगल्यांना घेतात असं लिवलंय. आमाला पन?”

मी छाती पुढे काढून हो म्हटलं. माझ्या शब्दावर त्यांनी शाळेतून मुलीचं नाव काढलं.

त्यांची सकाळ बुधवारची. तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची ते त्यांनी शिकवलं. ऐकायला बसलेल्या एका मुलाच्या इंजिनिअर वडिलांना ते जमेना, तर म्हणाल्या, “साहेब, तुमची होडी वालूतच ऱ्हायची!” मुलं हसून लोळली. दुसऱ्या महिन्यात सायलीने उभं राहून गोष्ट सांगितली — अडखळत, पण शेवटपर्यंत.

मग फोन सुरू झाले. ‘आमचा मुलगा घरीही त्यांच्यासारखं हाय-नाय बोलतो.’ ‘डब्याला वास येतो.’ ‘बाई चांगल्या आहेत हो, पण आपला ग्रुप वेगळा.’ शाळा मुलांना चिरडते असं ओरडत बाहेर पडलेली ही माणसं! तोंडावर बोलायची हिंमत एकाचीही नव्हती. त्यांना रेखाताईंना नियमाच्या आडून बाहेर काढायचं होतं. पण नियम मोडला कुठे होता? रेखाताई एकही बुधवार चुकल्या नव्हत्या.

गटाच्या संयोजक बाई मला एवढंच म्हणाल्या, “वही तुझ्याकडेच आहे ना? बघ जरा.”

खोटं लिही, असं त्या म्हणाल्या का? नाही. धमकी? तीही नाही. मग मला भीती कसली होती? — ते लोक मला ‘आपली लेखिका’ म्हणायचे. ते म्हणणं बंद झालं असतं. बस, इतकीच.

मी वहीतलं पान फाडलं. नवं पान स्वच्छ अक्षरात लिहिलं. तीन बुधवारी रेखाताई गैरहजर. सलग नाही — सलग तीन खोटे वाटले असते. इतकं डोकं मी चालवलं.

वही पाहून रेखाताई बोटं मोजत राहिल्या. “मना वाटलं मी आलेली. पन लिवलंय म्हंजे… माजंच चुकलं आसंल.”

तेव्हा शेजारून सायली म्हणाली, “आ-आई, तू आ-आलेलीस.” तिला सगळे बुधवार पाठ होते. तिने एकेका बुधवारी आईने काय शिकवलं तेही सांगायला सुरुवात केली.

मी तिला मध्येच तोडलं. “वहीत तसं नाहीये, बाळा.”

ती थांबली. मी त्या मुलीला थांबवलं.

गटावर मी चिडू शकते, चिडतेही. पण पेन त्यांच्या हातात नव्हतं. मी गट सोडला तेव्हाही कारण वेगळंच सांगितलं.

परवा बाजारात दोघी भेटल्या. सायली पुन्हा शाळेत जाते. वर्गात तोंड उघडत नाही. “माज्या खाड्यांमुलं पोरीचं नुकसान झालं, ताई,” रेखाताई म्हणाल्या. “तुमाला पन खाली बघाया लागलं. माफ करा.”

सायली माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “जाऊ द्या, ताई. होतं असं.”