रविवारी बंद असलेला मुक्त देश

जळगावात आमच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर संध्याकाळी चहाला जमणाऱ्या मंडळींना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय: सरकारनं व्यापारातून हात काढले की देश वर येतो, स्वित्झर्लंड बघा. आता बघून आलो. ज्यांना जायचंय त्यांनी हे वाचूनच बॅग भरावी.

निमित्त आमची लेक मंजिरी. जावयाच्या नोकरीमुळे ती तिथं तळ्याकाठच्या एका छोट्या गावात राहते. तिनं शेवभाजी-पोळीची टपरी टाकली आहे. गिऱ्हाईक फिरायला येतं रविवारी आणि गावाच्या नियमानं टपरी बंद तीही रविवारीच. नियम बदलायचा का, हे गावसभा ठरवणार होती. "रविवार नाही मिळाला तर टपरी गुंडाळावी लागेल, पप्पा," असं ती फोनवर म्हणाली आणि आम्ही व्हिसाच्या मागे लागलो.

विमान मुंबईहून. माझी बायको सुमन साक्रीची, बोलणं अजून अहिराणीच. तिनं भरीत ठेचायची लाकडी बडगी, म्हणजे उखळासारखं खोलगट भांडं, लुगड्यात गुंडाळून बॅगेत घातली होती. विमानतळावर ती उघडून दाखवताना माझी व्हायची ती शोभा झाली. तुम्ही तरी रेल्वेचा पास आधी काढा, नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटलीची किंमत रुपयांत केली तर पाणी घशाखाली उतरत नाही. आणि दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवा. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्या रविवारी पिशवी घेऊन गावभर हिंडलो.

"आठे बठ्ठं बंद शे," सुमन म्हणाली. "कोनी मरी गया का?"

आमच्याकडे कुणाकडून काही हवं असलं की आधी त्याला भरीत-पुरी खाऊ घालतात. सभेच्या आदल्या रविवारी सुमननं इमारतीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाल्कनीतल्या शेगडीवर वांगी भाजली आणि खाली बसून बडगीत ठेचायला घेतली. धप धप सुरू झालं तशी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई.

"रविवारी ठोकाठोकी चालत नाही, म्हणतात," मंजिरी म्हणाली.

"स्वतःच्या घरात?" मी विचारलं.

"घरातसुद्धा."

माझं डोकंच फिरलं. हा कसला मुक्त देश, असं मी त्यांच्या तोंडावर विचारलं. मंजिरीनं नको नको म्हणत त्याचं भाषांतर केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी जन्मभर दुकानात उभी होते. रविवारी ते बंद असायचं, म्हणून माझी मुलं मला ओळखतात. आज तुमची टपरी उघडेल, उद्या सगळं उघडेल, आणि कामाला येतेस का असं कुणी विचारणार नाही, यावंच लागेल." मग आत येऊन बसल्या आणि मागून मागून भरीत खाल्लं. हे मत आपलं झालं, असा मी हिशोब केला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. परदेशी माणसांना मागे वेगळ्या खुर्च्या, हात वर करायचा हक्क नाही. एक तरुण उठून म्हणाला, "ज्याला विकायचंय त्याला विकू द्या." माझंच वाक्य! मी टाळ्या वाजवल्या, तर सगळा हॉल वळून बघायला लागला. मग त्या बाई उठल्या. भरिताचं तोंडभरून कौतुक केलं आणि विरोधात हात वर केला. त्यांच्यामागे हॉलभर हात वर झाले. तिथंच कर भरणारी माझी लेक हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

सोमवारी टपरीवर पहिलं गिऱ्हाईक त्याच बाई. मंजिरीनं त्यांना वाढलं आणि महिनाअखेर बंद करतेय, हेही सांगितलं. बाईंना खरंच वाईट वाटलं. याचाच मला जास्त राग आला.

जळगावात परतल्यावर पहिल्याच रविवारी मी दुकानाची चावी घेऊन निघालो. आमचं दुकान आठवडाभर उघडं असतं आणि गल्ल्यावर सुमन बसते. "चल, उशीर होतोय," मी म्हणालो. ती खुर्चीतून उठली नाही.

"तठे लेकले हात वर कराना हक्क नव्हता, तं तुम्ही कितला चिडनात," ती म्हणाली. "आठे माले कधी कोनी इचारं?"

मी चावी खुंटीला अडकवली आणि धुसफुसत दूध आणायला गेलो. डेअरी उघडी होती. गल्ल्यावर डेअरीवाल्याची बायको बसली होती.