नलिनीताईंना बनारस खाऊ घालताना

फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्यांच्या वाट्या साठतात ना, तसे आमच्या डबा ग्रुपकडे किस्से साठतात. एक काढायला जावं तर मागून दुसरा पुढे येतो! जमीनमोजणीच्या ऑफिसात शैला, मुक्ता, नलिनीताई आणि मी अशा चौघी रोज एका टेबलावर जेवतो. मुक्ता नवी, बाकी आम्हा तिघींना अठरा वर्षं झाली. यंदा जानेवारीत आम्ही चक्क बनारसला गेलो, तीन दिवस, नुसतं खायला. देवदर्शन केलं, पण ते दोन खाण्यांच्या मधे.

खरं कारण नलिनीताई. त्या मे महिन्यात रिटायर होणार, आणि इतक्या वर्षांत त्यांना पोटभर जेवताना आम्ही पाहिलंच नव्हतं. डबा उघडला की आधी आम्हाला वाढणार, मग उरलेलं चिवडत बसणार. घरी आठ वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना चमच्याने भरवून या धावत ऑफिसला यायच्या. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि यांचं होतं तेवढं खाणंही सुटलं. ब्लाउज सैल झाले. डॉक्टरांनी झाडून सगळ्या टेस्ट केल्या, काहीच निघालं नाही. "खायला लागा," म्हणाले. अहो, ते आम्हीही सांगत होतो!

शेवटी शैला म्हणाली, "हिला बनारसला नेऊ. तिथेही खाल्लं नाही तर मग कठीण आहे."

*

बनारसला दूधविनायक मोहल्ल्यात माझ्या मावसबहिणीचे दीर राहतात, दत्ताभाऊ. शाळामास्तर होते, आता रिटायर. कित्येक पिढ्या तिथेच गेल्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की निवडून काढता येणार नाही. सकाळी त्यांच्याकडे पोचलो आणि शैलाने अभिमानाने सांगितलं, "आम्ही गाडीतच दशम्या खाऊन घेतल्या, तुम्हाला त्रास नको."

भाऊंचा चेहरा उतरला. "ही तर फार गडबड केली तुम्ही लोकांनी! बनारसमधे सकाळी पेट खाली ठेवून निघायचं असतं!"

तरी कचौरीच्या दुकानी नेलंच. द्रोणात गरम कचौरी, वर बटाट्याची भाजी, आणि ती संपायच्या आत हातात जिलबी. शैला म्हणाली, "गोड शेवटी खाते मी."

"शेवट कुठे आहे अजून? तिखट झालं की गोड, गोड झालं की परत तिखट. पेटाला हिशेब लागू द्यायचा नाही!"

शैलाने चार फेऱ्या केल्या. नलिनीताईंनी आपल्या कचौरीचे तीन तुकडे केले, आमच्या द्रोणात एकेक टाकला, बोट चाटलं आणि म्हणाल्या, "छान आहे हं!"

*

दुपारी गल्लीत रस्ता चुकलो. एक गृहस्थ ओट्यावर बसले होते. मुक्ताने त्यांना घाट कुठे म्हणून विचारलं. त्यांनी हनुवटी आभाळाकडे केली, "ऊं ऊं" म्हणाले आणि कोपराने कुठेतरी दाखवलं.

"बिचाऱ्यांना बोलता येत नाही," शैला हळहळली. मग तिने सूत्रं हाती घेतली. हाताने लाटा काढून दाखवल्या, होडी वल्हवून दाखवली, नाक धरून डुबकीही मारून दाखवली. गृहस्थ डोळे विस्फारून बघत राहिले. अखेर जड मनाने उठले, गटारापाशी जाऊन तोंड मोकळं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माताजी, आपके चक्कर में ताज़ा पान थूकना पड़ा! बाएँ जाइए।"

*

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊंनी मलइयो खायला नेलं. थंडीतच मिळते ही, दुधाचा केशरी फेस. तोंडात ठेवायचा अवकाश, की गायब! मुक्ताने मातीचा कुल्हड रिकामा करून टोपलीत टाकला तर दुकानदार कळवळून ओरडला, "अरे दीदी, दूध तो अभी बाकी है!" फेस संपला की त्याच कुल्हडात केशरी दूध ओततात म्हणे. मुक्ता रडवेली झाली.

लगेच नलिनीताईंनी आपला कुल्हड तिच्या हातात दिला. "घे, मी एक चमचा चाखलाय फक्त."

मुक्ता दूध प्यायली. शैला मुक्ताकडे असं काही बघत होती, की बिचारीला ते गोड लागलं नसावं.

*

मग भाऊंच्या घरी नाश्ता. वहिनींनी ताटल्या पुढे ठेवल्या. शैलाने पाहिलं आणि मोठ्या मनाने म्हणाली, "पोहे छान झालेत. फक्त हळद राहिली वाटतं."

"हे पोहे नाहीत, चूडा-मटर आहे," वहिनी म्हणाल्या.

"बरं. पण शेंगदाणे?"

"नाही घालत."

"कांदा?"

"नाही."

"आणि या काय, मनुका? पोह्यात?"

वहिनी हसल्या फक्त. शैलाने एक घास घेतला. दोन ताटल्या संपवून तिने कृती लिहून घेतली. परत आल्यावर तिने घरी केला. नवऱ्याने पहिला घास घेऊन विचारलं, "हळद विसरलीस का?" तीन दिवस अबोला होता.

*

त्या संध्याकाळी टमाटर चाट. शैलाने आधीच बजावलं, "नलिनी, ही तुझी. वाटायची नाही." नलिनीताईंनी मान डोलावली. पाच मिनिटांनी बघतो तर द्रोण रिकामा! आम्ही तिघी आनंदाने एकमेकींकडे बघतो आहोत, तेवढ्यात नलिनीताईंच्या मागे एक गाय दिसली. तिच्या तोंडाला टोमॅटो लागला होता.

शैलाचा बांध फुटला. भर गल्लीत ओरडली, "अठरा वर्षं तुझ्या हातचं खातेय मी! एकदा माझ्या हातचं खाल्लंस तर काय बिघडेल?" आणि रडायलाच लागली. शैला रडते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

नलिनीताई ओशाळल्या. "मुद्दाम नाही गं करत. घास तोंडाशी नेला की वाटतं, कोणाचं तरी खायचं राहिलंय."

गाय तेवढी द्रोण चघळत उभी होती.

*

शेवटच्या दिवशी सकाळी भाऊ आम्हाला रामघाटावर त्यांच्या ओळखीच्या गुरुजींकडे घेऊन गेले. काशीला आलं की आपल्या आवडीचा एक पदार्थ गंगेला सोडून जायचा, पुन्हा आयुष्यात खायचा नाही, अशी रीत आहे. शैलाने ओंजळीत पाणी घेतलं आणि झटक्यात म्हणाली, "कारलं."

गुरुजी पाणी घालायचे थांबले. "असं नाही चालत माई. आवडीचं पाहिजे. कारलं तर सगळेच सोडून जातात. गंगामाईकडे कारल्याचा ढीग लागलाय!"

शैलाने मोठा उसासा टाकून श्रीखंड सोडलं. मी फणस. मुक्ताने चीज. गुरुजींनी तेही खपवून घेतलं.

नलिनीताईंची पाळी आली. "बोला माई, काय आवडतं तुम्हाला?"

नलिनीताईंच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. गुरुजींनी पुन्हा घातलं. तेही गळालं. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मला काय आवडतं गं?"

"पुरणपोळी!" शैला म्हणाली.

"ती ह्यांना आवडते."

"साबुदाण्याची खिचडी," मुक्ता म्हणाली. "दर गुरुवारी आणता की डब्यात."

"ती सासूबाईंना लागायची. तीच अजून घेऊन येते."

मी म्हटलं, "मऊ भात?"

"तो मुलाला. लहान होता तेव्हा."

अठरा वर्षं हिच्या डब्यातलं खाल्लं, आणि हिला काय आवडतं हे एकदाही विचारलं नाही. मला इतकी लाज वाटली, की मी सरळ पाण्याकडे बघत बसले.

गुरुजी तिसऱ्यांदा पाणी घालायला लागले, तशी नलिनीताईंनी ओंजळ सोडली. पदराला हात पुसले आणि उठून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, आमची गाडी संध्याकाळी आहे. तोवर जरा खाऊन बघते. काय आवडतं ते कळलं, की येते सोडायला."

गुरुजी हातात पळी घेऊन बघतच राहिले. "आणि नाही आले तुम्ही, तर?"

नलिनीताई तोवर चार पायऱ्या चढूनही गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तर समजा, फारच आवडलं!"