ताटात न पडलेलं घड्याळ

तुमच्याकडे जावई रुसतो का? लाजू नका, सांगा. चांगला शिकलेला, मिशी कातरून नेटकी ठेवणारा, कंपनीच्या बसने कामाला जाणारा तिशीचा गडी दिवाळसणाला सासऱ्याच्या घरी पाटावर बसतो, भरल्या ताटापुढे हात बांधतो आणि गाल फुगवतो. मग सगळं घर त्याच्याभोवती ‘काय हवं, काय हवं’ करत नाचतं. हे तुम्ही पाहिलं असेल. कदाचित नाचलाही असाल.

आमच्या पनवेलच्या घरात हा खेळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, आणि पाटावरच्याला हवं होतं माझं घड्याळ.

माझं म्हणजे आजोबांनी मला दिलेलं. उरण नाक्याजवळ त्यांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर आजोबा. मिठागरातल्या मजुरांची पत्रकं, जमिनी गेलेल्यांची पत्रकं, हुंड्याविरुद्धची पत्रकं. बाराखडी पुरी होण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. उरणहून आलेला कुणी दारातूनच ओरडायचा, “तात्या, आज नाय झाला त उद्या सभेला आमी काय वाटू?” आजोबा मनगटाकडे बघायचे, “संध्याकाळच्या गाडीआधी घेऊन जा,” म्हणायचे, आणि शाईत हात घालण्यापूर्वी घड्याळ काढून माझ्या हातात अडकवायचे. ते थेट कोपरापर्यंत सरकायचं. स्विस बनावटीचं, चावीचं. तबकडी पिवळी पडलेली. तरुणपणी एका खलाशाकडून त्यांनी ते जुनंच घेतलं होतं. त्या घड्याळावर दिलेला शब्द चुकलेला मला आठवत नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “हे हिचं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मरणाऱ्या माणसापुढे मान डोलवायला काय जातं?

ताईचं लग्न त्यानंतरचं. भाऊजी ठाण्याला एका कंपनीत होते. हातात सेलचं नवंकोरं घड्याळ, अंधारात आकडे चमकणारं. पण त्यांच्या साहेबाने कुठून तरी जुनं चावीचं घड्याळ पैदा केलं आणि भाऊजींना ‘अँटिक’चं वेड लागलं. स्वतःची आवड नसलेल्या माणसाला साहेबाची आवड चढते, तशातलं. पहिल्या दिवाळसणाला काय हवं, याचा निरोप त्यांनी ताईकरवी आधीच धाडला होता.

पाडव्याच्या सकाळी बाबा म्हणाले, “ते घड्याळ पुसून ठेव. ताटात घालायचंय.”

“हुंड्याविरुद्धचं पत्रक आपल्याच छापखान्यात छापलं होतं ना, बाबा?”

“हा हुंडा नाही. हौस आहे.”

हौस! मुलीच्या बापाने मान तुकवायची आणि ती कायमची वाकली की तिला हौस म्हणायचं. आजोबांचा छापखाना बाबांना मिळाला होता. त्यात छापलेलं वाचायची सवय मात्र मिळाली नव्हती.

आई वेगळं बोलली. “तुझंच खरं आहे. पण तिकडे ती एकटी आहे. यावरून तिला ऐकून घ्यावं लागलं तर?”

मी आठवतील तेवढी पत्रकं मनात चाळली; याचं उत्तर एकाही पत्रकात नव्हतं. वाटलं, छापखान्यात टाइपांच्या खणात लपवून टाकावं. ‘ऋ’च्या खणात कोण हात घालतं? पण लपवायचं म्हणजे चोर आपणच ठरायचं. मी घड्याळाला चावी दिली आणि ते मनगटावर बांधलं. लोंबत होतं. काढून द्यायचं की नाही, ते ताईच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, एवढंच पक्कं केलं.

दुपारी पाट मांडला, रांगोळी घातली, ताईने ओवाळलं. ताटात श्रीखंड, अळूवड्या, टम्म फुगलेल्या पुऱ्या. भाऊजींनी हात बांधले.

“जेवा ना, जावईबापू,” बाबा म्हणाले. आवाजात पाक.

“भूक नाही.”

“काय हवं ते सांगा तरी.”

“छे हो, मला काय हवं असणार? ते आजोबांचं घड्याळ आपलं पडूनच असतं म्हणे.”

“पडून नाही, चालू आहे,” मी हात पुढे केला.

“मेव्हणीबाई, केवढं ते ताटलीएवढं! तुम्हाला मी छानसं सेलचं आणतो. गुलाबी पट्ट्याचं.”

“आणि हे?”

“हे पुरुषांचं. शिवाय याची किंमत तुम्हाला नाही कळायची.”

“तुमच्या साहेबांना कळते ना? झालं तर.”

“अगं ए!” बाबा ओरडले. भाऊजींनी गाल फुगवले. तान्ह्या मुलाचे फुगलेले गाल गोड दिसतात. मिशीवाल्याचे बघवत नाहीत. ताटातल्या पुऱ्या बसत चालल्या. बाबांनी माझ्यापुढे तळहात पसरला. मी ताईकडे बघितलं.

ती पहाटेपासून उभी होती. तिला दिवस गेले होते, आणि पुरुषांची पंगत उठेपर्यंत तिला खायला मिळणार नव्हतं. तिने बाबांच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या गालांकडे. भिंतीशी टेकवलेला पाट ओढला आणि ती त्यांच्या शेजारीच बसली.

“आई, मला वाढ. भूक लागलीय.”

“अगं, त्यांचं व्हायचंय अजून—”

“त्यांना भूक नाही, आत्ताच म्हणाले ना!”

आईने गरम पुरी वाढली. ताईने ती श्रीखंडात बुडवून तोंडात घातली आणि चावता चावता मला म्हणाली, “त्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घे गं. लोंबतंय.”

माझा निर्णय असा झाला. बाबांचा हात हळूहळू मागे गेला.

भाऊजी आणखी थोडा वेळ रुसून बसले. पण बघणारं कोणी नसलं की रुसवा तग धरत नाही. आधी अळूवडीचा एक तुकडा मोडला, मग पुरी. श्रीखंड तर मागून घेतलं. संप कसा करतात ते त्यांनी आमच्या मिठागरातल्या मजुरांना विचारायला हवं होतं.

सासरी ताईला यावरून टोमणे बसले. ती सांगायची नाही, पण बसले. तिचं त्यावर एकच उत्तर असायचं: “जेवले की पोटभर!” एस. टी. स्टँडजवळच्या चांभाराकडून मी पट्ट्याला भोक पाडून घेतलं. घड्याळ आता लोंबत नाही.

यंदा तुमच्याकडे दिवाळसण असेल आणि पाटावरच्याने हात बांधले, तर कृपा करून त्याला ‘काय हवं’ विचारू नका. मुलीला शेजारी बसवा, तिच्या ताटात गरम पुरी वाढा आणि जेवायला सुरुवात करा.