भिंगरीचं लहानपण

माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. पेशाने तो वायरमन. एखाद्या घरी पंखा लावायला जायचा, त्यांची बंद पडलेली घंटा आणि शेजाऱ्यांची इस्त्री दुरुस्त करायचा आणि पंखा तसाच जमिनीवर ठेवून घरी यायचा. मी डोक्याला हात लावायचे, लोक हसायचे आणि सगळ्यांत मोठ्याने हाच हसायचा. हातात कला होती म्हणून लोक सांभाळून घेत.

मग एका नव्या दुकानाचं काम निघालं. माझा धाकटा दीर शिडीवर उभा राहून वायर जोडत होता. खाली बोर्डापाशी हा. कोणीतरी बाहेरून हाक मारली, याचं लक्ष तिकडे गेलं, आत वळला तर अंधार, म्हणून सवयीने याने मेन स्विच चालू केला. दीर शिडीवरून फेकला गेला. तळहात भाजण्यावर निभावलं. "वहिनी, दादाने माझी फुकटात रोषणाई केली," असं तो हसून सांगत सुटला. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. आणि नवरा तर टेस्टर हातात घ्यायचा आणि तसाच परत खिशात ठेवायचा.

शेवटी मीच त्याला ओढत मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि एडीएचडीची, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या दुखण्याची, शंका बोलून दाखवली. हे फक्त मुलांचं दुखणं नाही, म्हणाल्या. पण रक्त तपासून ते कळत नाही, लहानपणापासून असंच होतं का ते पाहावं लागतं. ज्यांनी वाढवलं त्यांना घेऊन या.

सासूबाई आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, "अगदी गरीब लेकरू होतं. बसवलं तिथे बसायचं."

मी बघतच राहिले. याच बाईंच्या तोंडून लग्नापासून याचे प्रताप ऐकत आले होते मी. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग कदाचित दुसरं काही असेल, झोप, काळजी, आणखी बघू म्हणाल्या. दोन्ही भावांना पुन्हा त्याच दुकानात कामाला जायचं होतं.

"आई, खरं सांगा," मी म्हणाले. "शिडीवर तुमचाच धाकटा असणार आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बसायचा, कारण मी बांधून ठेवायचे. कॉटच्या पायाला. मी कामावर जायचे, आणि हा गच्चीच्या कठड्यावर चढायचा. काय करणार होते?" मग अगदी हळू म्हणाल्या, "त्यानेच झालं ना हे?"

इतकी वर्षं ही भीती उराशी धरून बाई हसत-बोलत वावरत होती. मला त्यांचा राग आला होता, तो कुठच्या कुठे गेला.

"बांधल्याने हे होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते आधीपासूनच होतं, म्हणून तर तुमच्यावर ती वेळ आली."

"मला तर आठवतही नाही, आई," नवरा म्हणाला. खरं की खोटं, मी कधी विचारलं नाही.

गोळी सुरू झाली, आधी थोडीशी, मग बीपी आणि नाडी बघत वाढवत. शिवाय सक्त ताकीद मिळाली की नुसत्या गोळीवर विसंबायचं नाही. मेनला कुलूप घालायचं आणि शिडीवर चढेल त्याच्या खिशात किल्ली. गोळीने माझ्या भिंगरीचा दगड होईल, याचीही मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. जेवण कमी झालं, थट्टा तेवढीच राहिली, आणि पंखे छताला लागू लागले.

पुन्हा दुकानाचं काम सुरू झालं त्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने गेले. दिराने कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, वर चढला. "मेन बंद आहे," नवरा खालून म्हणाला. दिराने वायरीला टेस्टर लावून पाहिला. हात पँटला पुसला आणि टेस्टर पुन्हा लावला. तेव्हा मला कळलं, हसत होता तोही घाबरलेलाच होता. नवऱ्याने ते पाहिलं.

"अजून एकदा लाव," नवरा शांतपणे म्हणाला. "मी इथेच थांबलोय."

दिराने आणखी एकदा लावला.